ओढ्यापलीकडचं इंजिन

सुहा दोलिना या डोंगरातल्या खोऱ्यात ट्रॅक्टर कुणी विकत घेत नसे. कारखान्यातले ट्रॅक्टर खाली सपाटीवरच्या सरकारी शेतांवर जायचे, आणि चुकूनमाकून एखादा डोंगरात आलाच तर पहिल्याच उभ्या कुरणावर कुशीवर पडून चाकं हवेत फिरवत बसायचा. म्हणून इथे ज्याचा त्याने आपला ट्रॅक्टर घरी बांधायचा. लष्कराने मोडीत काढलेल्या लॉरीचा गिअरबॉक्स, कुठल्याशा लाकडाच्या वखारीतलं एका सिलेंडरचं डिझेल इंजिन, मालगाडीच्या डब्याखालचं लोखंड, आणि बसायला बहुतेक वेळा स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची. बटाटे निघाले की पुरुष गोठ्याशेजारच्या शेडमध्ये शिरायचे ते थेट ईस्टरला बाहेर यायचे. बायका म्हणायच्या, आमचे नवरे म्हणजे अस्वलं. फक्त अस्वल थंडीत झोपतं, घरातल्या चांगल्या चादरी ग्रीस पुसायला पळवत नाही.

वालेंती आणि त्याचा थोरला भाऊ सोबेक यांचा ट्रॅक्टर दोन हिवाळे बांधला जात होता. सोबेकच्या हातात कसब होतं. तो डावखुरा होता आणि त्याचं प्रत्येक काम डावीकडून ओळखू यायचं. नट ढिला पडू नये म्हणून सगळेच त्याला तार गुंडाळतात, पण सोबेकच्या तारेला पीळ उलटा असायचा. दुसऱ्या कुणाला ती सोडवायची झाली तर आधी चुकीच्या बाजूला पिळून बोटं सोलून घ्यायची आणि मग सोबेकला शिव्या द्यायच्या. वालेंतीचं तसं नव्हतं. तो वीजमंडळात होता. घरोघरी मीटर वाचायचा, तुटल्या तारा जोडायचा. काट्यावर जे दिसत नाही ते नसतं, असा त्याचा साधा हिशोब होता. शेडमध्ये तो मोजायचा, सोबेक ठोकायचा, आणि दोघांचं छान जमायचं.

इंजिन चालू करायलाही दोघं लागायचे. एकाने पुढून हँडल मारायचं, दुसऱ्याने वरचा खटका उचलून धरायचा, म्हणजे आतला दाब सुटतो आणि जड चाक फिरायला लागतं. चाकाने वेग घेतला, की हँडलवाला ‘हं!’ म्हणतो, खटकेवाला खटका सोडतो, आणि इंजिन पेट घेतं. खटका क्षणभर आधी सुटला तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. म्हणून खटक्यावर परका माणूस उभा करत नाहीत, आपल्या रक्ताचा करतात. वालेंती लहानपणापासून सोबेकच्या खटक्यावर उभा राहत आला होता. वालेंतीचं लग्न जमलं नाही, बायको नव्हती, पोर नव्हतं. भाऊ होता, आणि ते त्याला पुरत होतं.

गेल्या उन्हाळ्यात सोबेकने घोडा विकला. ‘पुढच्या वर्षी वरच्या कुरणातलं गवत मशीन आणील,’ म्हणाला. त्याची बायको रोझालिया घोड्याच्या रिकाम्या जागेकडे बघून रडली, तेव्हा सोबेक ट्रॅक्टरखालून डोकं बाहेर काढून वालेंतीला म्हणाला होता, ‘तुलाही रडायचंय का? अरे, मेलो तरी हा पुरा करून जाईन. तू नुसता खटका धर.’

ऑक्टोबरात जंगलात ओंडके भरताना साखळी सुटली आणि सोबेक गेला.

घरात आता वालेंती, वहिनी, दोन गाई आणि अर्धवट ट्रॅक्टर एवढं उरलं. घोडा नाही. ट्रॅक्टर पुरा झाला नाही तर वरचं गवत खाली येणार नव्हतं, आणि गवत नाही तर गाईही जाणार होत्या. वालेंती कामावरून आला की सरळ शेडमध्ये जायचा. दिव्याखाली त्याचा श्वास पांढरा दिसायचा. डिझेलचा, जुन्या रंगाचा आणि पलीकडून गाईंचा वास यायचा. त्याला मोजता सगळं येत होतं, पण नट किती आवळला म्हणजे पुरे हे सोबेकचं मनगट जाणायचं, आणि ते मनगट आता टेकडीवर बर्फाखाली होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी तार संपली म्हणून त्याने गिअरबॉक्सचे नट नुसते हाताने फिरवून तसेच ठेवले. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर बघतो तर नट पक्के आवळलेले आणि प्रत्येकाला तार गुंडाळलेली. पीळ डावीकडे.

सोबेकने हे आधीच केलेलं असणार आणि आपलं लक्ष गेलं नसणार, असं त्याने ठरवलं. शोकात माणसाचा गोंधळ होतो. पुढच्या आठवड्यात डिझेलच्या पंपाने त्याला रडकुंडीला आणलं. ठोका जुळेना. त्याने कंटाळून पाना बाकावर आपटला आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा पंप जुळलेला होता आणि त्याच्या अंगावर छिन्नीची बारीक खूण होती, सोबेक करायचा तशी, तिरकी. वालेंतीने पाना उचलला. शेडमध्ये इतकी थंडी होती की उघड्या हाताने लोखंड धरलं तर कातडं चिकटायचं. तो पाना कोमट होता. नुकताच कुणीतरी खाली ठेवावा तसा.

खरं सांगायचं तर वालेंतीला भीती वाटली नाही. त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला ऑक्टोबरपासून वाटलं नव्हतं. तो तिथेच बाकावर बसला आणि मनसोक्त रडला, आणि मग नाक पुसून म्हणाला, ‘दादा, नोझलचंही बघ की जरा.’ नोझल दुसऱ्या दिवशी साफ होऊन, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

असं पुष्कळ दिवस चाललं. तो काम अर्धं ठेवायचा, काय अडलंय ते मोठ्याने सांगायचा आणि दिवा मालवून जायचा. काट्यावर दिसत नाही ते नसतं, हा हिशोब त्याने खिशात घालून ठेवला. शेवटी एकदा जेवताना न राहवून त्याने वहिनीला सांगितलं.

रोझालिया आंबवलेल्या कोबीचं सार वाढत होती. पळी हवेत थांबली.

‘जिवंत होता तेव्हा न्हाणीतला नळ तीन वर्षं टिपकत होता,’ ती म्हणाली. ‘रोज सांगत होते. आणि आता तुमचे नट आवळायला येतो?’

‘नळ बघा एकदा. झाला असेल दुरुस्त.’

ती हसली नाही. तिने पळी भांड्यात ठेवली.

‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘तो तुमच्यासाठीच येतोय असं नका धरून चालू.’

‘मग कुणासाठी येईल?’

‘जेवा. गार होतंय.’

वालेंतीने ते कानाआड केलं. बिचारीचं दुःख, म्हणाला. नवरा आला तो शेडमध्ये आला, घरात नाही आला, हे तिला लागणारच.

मार्चमध्ये एक्सल बसवायचा दिवस आला. या कामाला सगळी दोलिना टरकून असते. लॉरीचा मागचा एक्सल उलटा-सुलटा कसाही बसतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण तो उलटा बसला की सगळं गणित फिरतं. पुढचे चार गिअर मागे नेतात आणि मागचा एकच पुढे नेतो. गिरणीवाल्याच्या बापाने असा एक्सल बसवला होता. पुन्हा सगळं उकलायचा कंटाळा, म्हणून तो मरेपर्यंत चर्चला मागे मागेच जात राहिला. त्याची मान शवपेटीतसुद्धा वाकडी होती म्हणतात.

वालेंतीने काही कसर ठेवली नाही. शेजारचे दोघे मदतीला आले. छताच्या तुळईला साखळीची कप्पी टांगून तिघांनी घाम गाळत एक्सल वर घेतला. त्याने वरच्या अंगाला खडूने बाण काढला. मधला दांडा हाताने फिरवला, चाकं पुढे फिरली. शेजाऱ्यांना फिरवायला लावला, पुढेच फिरली. मग बोल्ट आवळले, व्होडकाची बाटली उघडली, आणि उद्या मिस्सानंतर चालू करायचा असं ठरलं.

रविवारी अर्धं गाव आलं. कोट-टोप्या घालून, चर्चमधून सरळ. खटक्यावर उभं राहायला रक्ताचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून वहिनीला उभी केली. वालेंतीने हँडल मारलं. चाक जड होतं, मग हलकं झालं, मग त्याने ‘हं!’ म्हटलं, रोझालियाने डोळे मिटून खटका सोडला, आणि धुराचा काळा लोट छतावर आपटून इंजिन बोलू लागलं. ठण, ठण, ठण, ठण, आणि मध्येच एक ठोका गिळलेला. सोबेकने इंजिनाच्या वेगावर ताबा ठेवायला खाटेची स्प्रिंग कापून बसवली होती, तिची ती लकब. वालेंतीच्या डोळ्यांना पाणी आलं. तो खुर्चीवर चढला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर मागे गेला. बटाट्यांच्या खोक्यांवरून, कुदळींवरून, मागच्या भिंतीच्या फळ्या मोडून अर्धा बाहेर जाऊन थांबला.

गाव पोट धरून हसलं. ‘मागे काय विसरलास रे, वालेंती?’ ‘अरे, मान सांभाळ!’ ‘गिरणीवाल्याच्या बापाची खुर्ची कुठे आहे, ती दे याला!’ ज्यांनी आदल्या दिवशी चाकं पुढे फिरताना पाहिली होती ते दोघे मात्र हसले नाहीत. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, टोप्या डोक्यावर दाबल्या आणि निघून गेले.

सगळे गेल्यावर वालेंती कंदील घेऊन खाली शिरला. एक्सल उलटा होता. खडूचा बाण खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून होता. तीन माणसं लागली होती तो उचलायला. तुळईवरची साखळी मात्र काल जशी सोडली तशीच लोंबत होती, आणि तिच्या कड्यांवर दहिवर गोठलेलं होतं, कुठेही न तुटता. त्याने कंदील जवळ नेला. बोल्ट काल त्याने नुसते आवळले होते. आता प्रत्येकाला तार होती, पीळ डावीकडे, नीटनेटका, सावकाश केलेला.

तो तसाच पाठीवर पडून राहिला. त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. आधी लाज वाटली, आणि मग आत खोल काहीतरी दुखलं. सगळ्या गावासमोर भावाने त्याला तोंडघशी पाडलं होतं.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘हे काय केलंस?’

त्यानंतर जे होऊ लागलं ते उलटंच होतं. बर्फ वितळत होतं, छपरावरून दिवसभर पाणी ठिबकत होतं, आणि परत आत ढकलून घेतलेला ट्रॅक्टर शेडमध्ये सुटा होत चालला होता. तोडफोड नव्हती. नट काढून एका ओळीत मांडलेले, नळ्या पुसून ठेवलेल्या, तोंडं चिंध्यांनी बंद केलेली. एखाद्याने दुसरीकडे न्यायला म्हणून जपून काढावं तसं. आधी नोझल गेलं. मग दांड्यांभोवती बसवायला सोबेकने स्वतः घडवलेली पितळी बुशिंगं गेली. मग ती खाटेची स्प्रिंग.

वालेंतीने हिशोब खिशातून बाहेर काढला. चोर आहे म्हणाला. दाराला नवं कुलूप घातलं, किल्ली कमरेला बांधली. त्यानेही भागेना तेव्हा मीटरला लावतात तसं शिशाचं सील दाराला लावलं, आपल्या पक्कडीने दाबून, त्यावर स्वतःचा आकडा उमटवून. मोडलेली मागची भिंत नव्या फळ्यांनी बंद केली. शेडभोवती चिखल होता आणि त्यात फक्त त्याच्याच बुटांचे ठसे होते.

सील सकाळी जसंच्या तसं होतं. आत पंप नव्हता.

चोर म्हणून त्याच्या मनात एकच नाव होतं, कास्पेरचं. कास्पेर ओढ्यापलीकडे राहायचा. त्याच्या बापाने एका रात्रीत हद्दीचा दगड सरकवून ओढ्याकाठचा गवताचा पट्टा गिळला होता. वालेंती-सोबेकच्या बापाने कोर्टकचेऱ्या केल्या, हरला, आणि त्याच झुरणीला लागून गेला. बापाच्या कबरीवर सोबेकनेच वालेंतीचा हात धरून शपथ घेतली होती की त्या पुलावर पाय ठेवायचा नाही आणि त्या घरातल्या कुणाच्या नमस्काराला उत्तर द्यायचं नाही. चर्चमध्ये कास्पेर समोर आला की दोघे भाऊ एकदमच मान वळवायचे. पण चोर म्हणावं तर कास्पेरच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती, बाकीची करवतीने नेली होती. एक्सल उलटवणं सोडा, त्याला बुटाची नाडी बांधता यायची नाही.

मे महिन्यात एका दुपारी वालेंती अंगणात दाढी करत होता. आकाश स्वच्छ होतं, वरच्या कुरणात गवत घोट्यापर्यंत आलं होतं. ओढ्यापलीकडून इंजिनाचा आवाज आला.

ठण, ठण, ठण, ठण, आणि एक ठोका गिळलेला.

या दोलिनेत माणसं एकमेकांची इंजिनं आवाजावरून ओळखतात, कुत्री भुंकण्यावरून ओळखावीत तशी. वालेंतीने अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं आणि घरात गेला. रोझालिया टेबलाशी बटाटे सोलत होती. खिडकी उघडी होती.

‘ऐकलंत, वहिनी?’

‘इंजिन आहे.’

‘कुणाचं?’

तिने बटाटा पाण्यात टाकला, दुसरा घेतला.

‘कास्पेरकडे ते बांधणारं कोण आहे? दोन बोटांनी बांधलं त्याने?’

‘भाऊजी, जाऊ नका तिकडे.’

‘का?’

‘शपथ आहे ना तुमची.’

‘माझी एकट्याची आहे का?’

रोझालियाने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ‘जायचं तर जा,’ ती म्हणाली. ‘पण मला येऊन काही सांगू नका. मला पुरे झालंय.’

तो पूल म्हणजे दोन ओंडके आणि वर फळ्या. वालेंती त्यावर लहानपणानंतर पहिल्यांदाच चढला. खाली वितळल्या बर्फाचं हिरवट पाणी जोरात धावत होतं. पलीकडे गेल्यावर त्याला एक पायवाट दिसली, पुलापासून कास्पेरच्या शेडपर्यंत. गवत तुडवून तुडवून पडलेली, जुनी, वर्षानुवर्षांची वाट.

इंजिन बंद झालं होतं. शेडचं दार उघडं होतं.

कास्पेर आत चिंधीला हात पुसत होता. रुंद, मवाळ चेहऱ्याचा माणूस. वालेंतीला बघून तो आधी दचकला आणि मग इतका खूश झाला की त्याला कुठे बघावं कळेना.

‘आलास! अरे, ये, ये. तो म्हणत होता तू यायचा नाहीस.’

वालेंती उंबऱ्यावरच थांबला. समोर ट्रॅक्टर उभा होता, पुरा झालेला, हिरवा रंग दिलेला. पंपावर तिरकी छिन्नीची खूण होती. पितळी बुशिंगं चमकत होती. जिकडे नट तिकडे तार, आणि प्रत्येक तारेला डावा पीळ.

‘हा पंप आमचा आहे,’ तो म्हणाला.

‘हो तर. तुझ्याकडूनच आला ना.’

‘मी नाही दिला.’

कास्पेरचं हसू थोडं उतरलं. ‘मला वाटलं तूच पाठवतोस त्याच्याबरोबर. म्हटलं, बरं झालं, मिटवतायत हे लोक.’

‘कुणाबरोबर?’

एखाद्या तापातल्या माणसाकडे बघावं तसं कास्पेरने त्याच्याकडे पाहिलं.

‘सोबेकबरोबर. दुसरं कोण?’

‘सोबेक ऑक्टोबरात गेला.’

‘गेला ना. मी होतो की दफनाला, फाटकाबाहेर. आत यायचा धीर नाही झाला.’ त्याने दोन बोटांच्या हाताने चिंधी चुरगळली. ‘त्या आठवड्यात नाही आला तो. मग पुन्हा यायला लागला.’

‘पुन्हा म्हणजे?’

‘म्हणजे, पहिल्यासारखा. आधी शनिवारी यायचा ना नेहमी, पुष्कळ वर्षं…’ कास्पेर मध्येच थांबला. ‘तुला माहीत नव्हतं?’

शनिवारी सोबेक जंगलखात्याच्या करवतींना धार लावायला जायचा. असं तो सांगायचा. वालेंती त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवायचा.

‘का यायचा?’

‘विचारलं नाही मी. येतोय माणूस, तर का येतोस म्हणून कसं विचारायचं?’

‘आमचा बाप या पट्ट्यापायी मेला. त्याने माझा हात धरून शपथ घेतली होती.’

‘शपथेचं कधी बोलला नाही,’ कास्पेर हळूच म्हणाला. आणि काहीतरी बरं बोलावं म्हणून घाईने पुढे म्हणाला, ‘फार हात आहे रे त्याला. मार्चमध्ये मी एक्सल उलटा बसवला होता, ठाऊक आहे? शनिवारी मेहुण्यांना आणून चढवला आणि मग कळलं, उलटा आहे. रडायचाच बाकी होतो. रविवारी उठून बघतो तर सुलटा! आपोआप! तारा गुंडाळून वर!’

वालेंतीने चौकटीला हात टेकला.

एका रात्रीत. त्या घरचा सरळ झाला, या घरचा उलटा.

‘चालू करून दाखवतो,’ कास्पेर म्हणाला. त्याला शांतता सोसवत नव्हती. त्याने हँडल घातलं आणि चांगल्या हाताने फिरवू लागला.

खटक्याजवळ कुणी नव्हतं. खटका वर होता.

वालेंतीची पावलं नकळत पुढे गेली. जन्मभराची सवय. तो खटक्याच्या अंगाला सरकला आणि हात पुढे केला.

‘नको,’ कास्पेर धापा टाकत म्हणाला. ‘तो धरतो.’

चाकाने वेग घेतला.

‘हं!’ कास्पेर म्हणाला. वालेंतीकडे न बघता, त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेला.

खटका खाली आला. अगदी वेळेवर.

इंजिनाने पेट घेतला. ठण, ठण, ठण, ठण. वालेंती मागे मागे सरकत पुन्हा उंबऱ्याशी आला. तिथून तो एकदम ओरडला.

‘दादा!’

इंजिन मंद झालं. कास्पेरचे दोन्ही हात काढून घेतलेल्या हँडलवर होते, वेगाच्या दांड्यावर नव्हते.

‘दादा, मी खटका धरून उभा होतो ना रे! सगळा हिवाळा उभा होतो! गवताचं काय करू मी? घोडा तू विकलास!’

काहीच झालं नाही. मग कास्पेरने मान थोडी तिरकी केली. मंद आवाजात बोलणाऱ्याचं ऐकायला आपण करतो तशी. त्याचे कान लाल झाले.

‘काय म्हणतोय?’

‘जाऊ दे, वालेंती.’

‘काय म्हणतोय तो?’

‘फार बोलतच नाही तो. कामापुरतं.’

‘कास्पेर, देवाशपथ सांग.’

कास्पेर चिंधीकडे बघत म्हणाला, ‘म्हणतोय, दारात जो कोणी उभा आहे त्याला सांग, वारा आत येतोय.’

वालेंतीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

‘तू त्याला सांगितलंस का, मी कोण ते?’

‘सांगितलं,’ कास्पेर म्हणाला. ‘दोनदा सांगितलं.’

वालेंती बाहेर आला. दाराची फळी जड होती, त्याने ती दोन्ही हातांनी ओढून बंद केली. अंगणात ऊन होतं. बाजूच्या काचेतून त्याला कास्पेर दिसत होता, पार पलीकडच्या टोकाला, बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलेला.

आणि बंद दाराच्या आतून, त्याच्या तोंडासमोरच, कुणीतरी सावकाश कडी घातली.